बुटाची जीभ

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. संध्याकाळची सर ओसरून गेली होती, आणि अशा धुतल्यासारख्या प्रकाशांत घरीं बसून राहणें हा निसर्गाचा उपमर्द होय असें मानून मी नित्याच्या फेरफटक्यास बाहेर पडलों. एस. टी. स्थानकाजवळच्या वळणावर येतों न येतों तोंच उजव्या बुटाची नाडी तटकन् तुटली. नाडी तुटण्याइतकी क्षुल्लक घटना माणसाच्या आयुष्यांत दुसरी नसेल. पण माणसाची ऐट इतक्या थोडक्यांत उतरविणारी घटनाहि दुसरी नसेल. डावा पाय पूर्वींच्याच डौलानें पडत असतो, आणि उजव्या पायांतला बूट पावलागणिक टांच सोडून फटफटत येतो. चालणाऱ्याचें अर्धें अंग सभ्य गृहस्थाचें आणि अर्धें तमाशांतल्या सोंगाड्याचें होऊन जातें.

सुदैवानें त्याच वळणावर पिंपळाच्या झाडाखालीं एक चर्मकार बसतो. एक काळी छत्री, एक लांकडी पेटी, तीन पायांची लोखंडी ऐरण, आणि मागें झाडाच्या बुंध्याला खिळ्यानें अडकविलेली एक लहानशी पत्र्याची पाटी, एवढाच त्याच्या दुकानाचा पसारा. आठ-नऊ वर्षें मी त्याचें गिऱ्हाईक आहें.

“नुसती नाडी घालून दे,” मीं म्हटलें.

त्यानें बूट हातांत घेतला. बैल विकत घेणारा शेतकरी जसा बैलाचें तोंड उघडून दांत पाहतो, तसा त्यानें तो उघडून आंत पाहिला, कडेनें बोट फिरविलें, आणि माझ्या उघड्या पायाखालीं पोत्याचा एक कोरडा तुकडा सरकवीत तो म्हणाला,

“नाडी घालतो, गुरुजी. पन ती बी तुटणार. ह्या वर्साला किती झाल्या?”

“तीन,” मीं कबूल केलें.

“मग दोष नाडीचा न्हाई. ह्या भोकाची कडी उचकाटलीया, तिची धार नाडीला लागती. आन् जीभ एका अंगाला सरकलीया, म्हनून सगळी वढ ह्याच कडीवर येती.”

“जीभ?”

“ही की,” असें म्हणून त्यानें आंतली कातड्याची अरुंद पट्टी चिमटींत धरून बाहेर ओढली. “बुटाची जीभ.”

कडी बदलावयाची, जीभ जागेवर आणून टांक्यांत घ्यावयाची, आणि सोलुशन सुकेपर्यंत थांबावयाचें, म्हणजे अर्धा तास तरी लागेल असें त्यानें सांगितलें. मी त्याच्या पेटीशेजारच्या दगडावर बसलों. एका पायांत बूट आणि दुसरा पाय पोत्यावर अशा अवस्थेंत माणसाला कोठेंहि पळून जातां येत नाहीं. ज्या वस्तूकडे जन्मभर पाहिलें नव्हतें तिच्याकडे पाहण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

बूट मीं साठ वर्षें पायांत घातले; पण बूट कसा केलेला असतो हें मला त्या अर्ध्या तासांत समजलें. पावलाच्या पुढच्या भागावर येणारें एक कातडें असतें. टांचेला मागून वेढणारें दुसरें असतें, आणि त्या दुसऱ्या कातड्याचीं दोन पाखें दोन्ही बाजूंनीं पुढें येऊन पावलाच्या उंचवट्यावर समोरासमोर थांबतात. पाखांना भोंकें, भोंकांना धातूच्या कड्या, आणि कड्यांतून नागमोडी जाणारी नाडी. हीं पाखें पुढच्या कातड्याच्या वरून शिवलेलीं असलीं तर बूट ऐसपैस उघडतो व ज्याचें पाऊल उंच आहे त्याला सोयीचा होतो. खालून शिवलेलीं असलीं तर तो अधिक रेखीव दिसतो, पण घालणाऱ्याला थोडें सोसावें लागतें. दोन पाखांमध्यें जी फट राहते तिच्याखालीं ही जीभ. ती केवळ बुडाशीं शिवलेली, वर मोकळी. नाडीचा आणि गांठीचा काच पावलाच्या हाडांना लागूं नये, फटींतून धूळ व पाणी आंत जाऊं नये, एवढ्यासाठीं ती जन्मभर दाबांत राहते. नाडीच्या टोकाला एक बारीक नळी असते. ती गेली कीं दोऱ्याचा पिसारा होतो आणि नाडी भोंकांत शिरत नाहीं. ह्या नळीला काय म्हणतात असें मीं विचारलें, तेव्हां तो हंसला. “टोपनच की, गुरुजी. दुसरं काय म्हननार?”

तेहतीस वर्षें मीं शाळेंत मराठी शिकविलें आहे. भुजंगप्रयाताचे गण मी झोपेंतहि सांगूं शकेन. उपमा कोठें संपते आणि उत्प्रेक्षा कोठें सुरू होते ह्यावर मीं मुलांचे कितीएक तास खर्ची घातले आहेत. नथ, बुगडी, वांकी, तोडे, जोडवीं हीं अलंकारांचीं नांवें मुलींना पाठ असावींत असा माझा आग्रह असे. परंतु ज्या वस्तूवर उभा राहून मी हें सगळें शिकवीत होतों तिच्या एकाहि भागाचें नांव मला येत नव्हतें, आणि तें येत नाहीं हेंहि मला ठाऊक नव्हतें.

सोलुशन सुकत होतें; मलाहि विचार करावयास सवड होती. बुटाविषयीं इकडे तिकडे वाचलेलें एकेक आठवूं लागलें. आर्मेनिया देशांतील अरेनी गांवाजवळच्या एका गुहेंत 2008 सालीं कातड्याचा एक जोडा मिळाला. जोडा कसला, उजव्या पायाचा एकच बूट. तो सुमारें 5500 वर्षांपूर्वींचा ठरला. गाईच्या एकाच कातड्याचा, पावलाभोंवतीं वळवून घेतलेला, आणि कडांना पाडलेल्या भोंकांतून कातड्याची वादी ओंवून आवळलेला. म्हणजे मिसर देशांतल्या पिरॅमिडांचा पहिला दगड बसण्यापूर्वीं कित्येक शतकें कोणी एका माणसानें आजच्यासारखीच नाडी ओंवली होती. पुढें तिचे प्रतिस्पर्धी पुष्कळ निघाले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत बुटांवर बकल आलें आणि शंभर-सव्वाशें वर्षें त्याचा अंमल चालला. मग लोकांना पुन्हां नाड्या आवडूं लागल्या. बर्मिंगहॅमच्या आसपास बकलें घडविणाऱ्या कारागिरांची एवढी मोठी वस्ती होती कीं, 1791 सालीं त्यांनीं थेट युवराजाकडे अर्ज केला, महाराज, नाड्यांमुळें आमच्या तोंडचा घांस जातो आहे. परंतु फॅशन ही कोणाचा अर्ज वाचीत नाहीं. आपल्या काळांत तर फास न घालतां नुसतें दाबून चिकटविण्याची पट्टी निघाली. 1941 सालीं स्वित्झर्लंडांतल्या जॉर्ज द मेस्त्राल नांवाच्या एका अभियंत्यानें रानांतून फिरून आल्यावर कुत्र्याच्या केंसांत अडकलेले कुसळाचे गोंडे पाहिले, आणि त्यांच्या बारीक आंकड्यांवरून त्याला ती कल्पना सुचली. माझ्या नातवाचे बूट तिनेंच चरचर आवाज करीत उघडतात.

तरीहि नाडी गेली नाहीं. कारण पाऊल हें कांहीं लांकूड नव्हे. सकाळचें पाऊल संध्याकाळीं फुगतें. चढावर तें एका जागीं दाबलें जातें, उतारावर दुसऱ्या. बकल एका ठिकाणीं धरतें. नाडी मात्र भोंकाभोंकांतून सरकत आपली ओढ सगळीकडे वांटून देते. तिच्यांत एकच दोष, ती सुटते. कां सुटते, हेंहि 2017 सालीं कॅलिफोर्नियांतल्या संशोधकांनीं शोधून काढलें आहे. दर पावलाला टांच जमिनीवर आदळते त्या धक्क्यानें गांठ सैल होते, आणि पाय झुलतांना नाडीचीं मोकळीं टोकें हिसके देऊन तिला ओढतात. दोन्ही गोष्टी मिळूनच गांठ सुटते. नुसत्या एकीनें सुटत नाहीं. म्हणजे गांठ कोणी सोडीत नाहीं, आपलें चालणेंच तिला सोडवितें.

आपल्याकडे मात्र ह्या बांधाबांधीचा फारसा सोस नव्हता. त्याचें कारण आपला उंबरा. जी वस्तु दिवसांतून दहा वेळां दाराबाहेर काढून ठेवावयाची ती दहा वेळां वांकून कोण बांधणार? खडावेला तर बंदच नाहीं. अंगठा आणि त्याच्या शेजारचें बोट ह्यांच्यामध्यें नुसती एक खुंटी. तेथें पादत्राण पायाला धरीत नाहीं, पायच पादत्राणाला धरतो. वहाणेनें ह्यांत थोडी सुधारणा केली. बोटासाठीं एक कडें आणि पावलावरून एक पट्टा. पाय सरकवला कीं आंत, उचलला कीं बाहेर. पाऊल बांधलेंहि आहे आणि मोकळेंहि आहे.

“वहाणेला जीभ नसते, नाहीं?” मीं त्याला विचारलें.

“जीभ न्हाई, पन कान हायेत की,” टांका ओढीत तो म्हणाला. “माझा बाप कोल्हापुरी करायचा. बोटाला येतो त्यो अंगठा. दोन बाजूला पट्टा धरत्यात ते कान. वर पट्टा, पट्ट्यावर वेणी, म्होरं गोंडा. वेण्या आय वळायची. खिळा न्हाई कुठं एक बी. सगळी कातड्याच्या वादीची शिवण.”

बाभळीची साल आणि हिरडा ह्यांच्या पाण्यांत कातडें कमवावयाचें; तळ कापावयाचा, थर बसवावयाचे, ठोकून ठोकून एकजीव करावयाचे; कान आंतून शिवून घ्यावयाचे. त्याच्या वडिलांना एक जोड करावयास किती दिवस लागत तें त्यानें सांगितलें, आणि आतां तेवढे दिवस कोणी देत नाहीं, म्हणून आपण दुरुस्तीवर आलों, हेंहि तक्रारीचा सूर न लावतां सांगितलें.

कोल्हापुरीचें नांव निघतांच मला 2025 सालच्या जून महिन्यांतली हकीकत आठवली. मिलान शहरांत एका विख्यात फॅशनगृहानें आपल्या नव्या वस्तूंचें प्रदर्शन भरविलें. त्यांत कोल्हापुरी धर्तीच्या चपला होत्या. तोच अंगठा, तोच पट्टा; पण कोल्हापूरचें नांव कोठेंहि नव्हतें. महाराष्ट्र व कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांच्या ह्या मालाला 2019 सालींच भौगोलिक मानांकन मिळालेलें होतें. साहजिकच ओरड झाली, आणि मग त्या गृहानें आपली प्रेरणा भारतीय असल्याचें मान्य केलें. त्या दिवसांत मीहि फार संतापलों होतों. आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मीं त्या विषयावर चांगलें अर्ध्या तासाचें भाषण केलें. कारागिराच्या बोटांतलें घ्यावयाचें आणि त्याचें नांवहि घ्यावयाचें नाहीं, ही कोठली रीत, असें त्या भाषणांतलें एक वाक्य होतें. श्रोत्यांना तें आवडलें होतें.

आतां दगडावर बसल्या बसल्या तेंच वाक्य मला ऐकूं आलें, आणि त्यापाठोपाठ आमचें जुनें आंगण डोळ्यांपुढें उभें राहिलें.

आमचें घर कोल्हापूर जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत होतें. साल 1958 असावें. मी आठ वर्षांचा होतों. दिवाळीच्या आधीं वडिलांच्या वहाणा करून देण्यासाठीं एक म्हातारा कारागीर येत असे. तो आंगणांत तुळशीवृंदावनाच्याहि पलीकडे बसे. वडील ओट्यावर कागद पसरून त्यावर उभे राहत, आई त्यांच्या पावलांभोंवतीं कोळशानें रेघ काढी, आणि तो कागद मीं नेऊन त्याच्यापुढें जमिनीवर ठेवावयाचा, त्याच्या हातांत द्यावयाचा नाहीं. तो त्या रेघेकडे बराच वेळ पाही. मग वडिलांच्या जुन्या वहाणा उलट्या करून त्यांचे झिजलेले तळ पाही आणि ओट्याकडे तोंड करून म्हणे, “मालक डाव्या टाचंवर लई भार देत्यात. कंबर दुखती न्हवं?” वडिलांची कंबर खरोखरच दुखत असे. घरांत तें आईखेरीज कोणाला ठाऊक नव्हतें. ज्या पावलाला बोट लावण्याची त्याला मुभा नव्हती त्या पावलाची त्याला वैद्यापेक्षां अधिक माहिती होती.

आठ दिवसांनीं वहाणा येत. त्यांची मजुरी ओट्यावरून त्याच्या ओंजळींत वरच्या वर सोडली जाई. वडील त्या वहाणा घालून करकर वाजवीत शेतावर जात, आणि त्याच्या बोटांनीं ओढलेला एकेक टांका सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या पायाला लागलेला असे. त्यांत कोणाला कांहीं विसंगत वाटत नसे. मलाहि वाटलें नाहीं. अस्पृश्यता नाहींशी करणारें घटनेचें कलम 1950 सालापासून लागू होतें, 1955 सालीं कायदाहि झाला होता. पण दोन्ही आमच्या आंगणापर्यंत पोंचलीं नव्हतीं. पहिले कांहीं दिवस नव्या वहाणा वडिलांना चावत. त्यांना तेल पाजावें लागे. अंगठा, कान, टांच असलेल्या त्या वस्तूनें आपल्याविरुद्ध केलेली तेवढीच काय ती तक्रार.

त्या म्हाताऱ्याचें नांव काय होतें?

मीं आठवून पाहिलें, आणि माझ्या लक्षांत आलें कीं मी तें विसरलेलों नाहीं. मला तें कधीं ठाऊकच नव्हतें. “चांभार आला,” एवढेंच घरांत म्हटलें जाई. वडिलांच्या हिशेबाच्या वहींत “वहाणांस” असें लिहून पुढें रक्कम मांडलेली असे. गोठ्यांतल्या बैलांचीं नांवें मला आजहि एकामागून एक सांगतां येतात. ज्याच्या कातड्याची वहाण झाली त्याला नांव होतें. ज्यानें ती केली त्याला नव्हतें. इटलीच्या त्या फॅशनगृहानें एका हंगामांत जें केलें तें आम्हीं पिढ्यान् पिढ्या केलें होतें, आणि त्यानें निदान चूक कबूल केली होती.

आपल्या भाषेंत उपकारांविषयीं बोलण्याची एक रीत आहे. आपल्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायांत घातले तरी तुमचे उपकार फिटणार नाहींत, असें आपण म्हणतों. हें बोलणें एका माणसानें खरें करून दाखविलें अशी कथा आहे. बाराव्या शतकांत कल्याण नगरींत, म्हणजे आजच्या बसवकल्याणांत, हरळय्या नांवाचे एक चर्मकार शरण होते. त्यांनीं बसवेश्वरांना एकदां नमस्कार केला, आणि बसवेश्वरांनीं त्यांना उलट दोनदां नमस्कार केला. त्या एका जास्तीच्या नमस्काराचें ऋण कसें फेडावें ह्या विवंचनेनें हरळय्या व त्यांची पत्नी कल्याणम्मा ह्यांनीं स्वतःच्या मांडीचें कातडें काढून त्याचे जोडे शिवले. बसवेश्वरांनीं ते पायांत घातले नाहींत, मस्तकीं धरले. मुलांना ही कथा सांगतांना मी भक्तीच्या पराकाष्ठेचें उदाहरण म्हणून सांगत असें. त्या दिवशीं तिच्यांतली दुसरीच गोष्ट मला दिसली. हरळय्यांना ऋण वाटलें तें कशाचें? तर कोणीतरी आपल्याला माणूस म्हणून मान लववली ह्याचें. जी गोष्ट फुकट मिळावयास हवी होती तिची किंमत त्यांना कातड्याएवढी वाटली. आणि आम्ही, ज्यांनीं जन्मभर दुसऱ्यानें शिवलेले जोडे घातले, आम्हांला कोणाचें ऋण आहे असें कधीं वाटलेंच नाहीं. जमा आणि खर्च ह्यांच्या बाजूच आमच्या वहींत उलट्या लिहिल्या गेल्या होत्या.

“झालं, गुरुजी,” असें म्हणून त्यानें बूट माझ्यापुढें ठेवला. नवी कडी इतर कड्यांच्या ओळींत बेमालूम बसली होती. जीभ मधोमध आली होती, आणि ती पुन्हां सरकूं नये म्हणून त्यानें तिच्या वरच्या भागाला मधोमध दोन बारीक चिरा देऊन त्यांतून नाडी ओंवून घेतली होती. ही युक्ति सांगून त्यानें केली नव्हती, आणि तिचे पैसेहि धरले नव्हते.

मी दगडावरून उठून बूट घातला व नाडी बांधावयास वांकलों. ह्या वयांत वांकणें हें सोपें काम राहिलेलें नाहीं. एक गुडघा पोत्याच्या तुकड्यावर टेकवावा लागला. नाडी आवळली, पहिली गांठ मारली, फास घातला. जिभेमुळें काच कोठेंहि लागला नाहीं. तशाच अवस्थेंत मीं मान वर करून विचारलें,

“इतकीं वर्षें मी येतों आहें, तुमचें नांव कधीं विचारलें नाहीं. काय नांव तुमचें?”

ते दुसऱ्या कोणाच्या तरी चपलेचा अंगठा शिवीत होते. त्यांनीं वर पाहिलें नाहीं. हातांतल्या आरीनेंच मागच्या झाडाकडे खूण केली.

“पाटीवर हाय की, गुरुजी.”

पाटी माझ्या डोळ्यांच्या समोरच होती. पत्रा कडेनें गंजला होता, म्हणजे ती कालपरवांची नव्हती. पांढऱ्या रंगानें हातीं लिहिलेल्या दोन ओळी होत्या. वर नांव, खालीं गांव. मीं त्या दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. ऱ्हस्वदीर्घाची एकहि चूक नव्हती.